कोरियातला अणदूरचा गडी

तुळजापूर, ता. २१ जानेवारी १९५७

ती. दादांस,

उत्तरेश्वरचा नमस्कार. हे पत्र मी दुसऱ्यांदा उतरवून काढतो आहे. पहिल्यात दोन ठिकाणी खाडाखोड झाली होती.

आईचा गुडघा बरा आहे. ती गावी, बेंबळीतच आहे, शेजारच्या काकू रात्री सोबतीला येतात. बेळगावच्या छावणीतून तुम्ही दोन वर्षं मला उत्तर दिलेलं नाही. कोरियात तुम्ही आजारी होतात तेव्हा तीन महिने पत्र आलं नव्हतं. आई जेवत नव्हती. म्हणून मी कोरा कागद हातात धरून तुमच्या नावानं तिला वाचून दाखवत होतो. रजेवर आलात तेव्हा ते उघडं पडलं आणि तुम्ही म्हणालात, "मी मेलो असतो तरी तू वाचतच बसला असतास."

मार्गशीर्षापासून मी तुळजापुरात नारायणराव वकिलांच्या कचेरीत आहे. वकीलसाहेब या खेपेला असेंब्लीला उभे आहेत. निवडून आले तर मला मास्तर म्हणून लावतो, असं त्यांनी चार माणसांसमोर सांगितलं आहे. पहिल्या चार इयत्ता उर्दूत गेलेल्या, मॅट्रिक नापास झालेल्या माणसाला अशी नोकरी दुसरीकडं मिळायची नाही.

माझं काम देशांचं आहे. सोलापूरची वर्तमानपत्रं एक दिवस उशिरा येतात. बाहेरच्या देशांत जे जे वाईट चाललं असेल ते मी एका वहीत उतरवतो. एका देशाला एक पान. वकीलसाहेब म्हणतात, "लोकास्नी तत्त्व सांगून भागत न्हाय. मिसाल पाहिजे. हिथली मिसाल दिली की कुणाचा तरी सोयरा निघतो आन् रुसतो. परदेशाला सोयरे न्हाईत."

जिथं विहिरीवाले शेतकरी आहेत तिथं रशिया सांगायचा, की तिथं विहीरसुद्धा सरकारची. व्यापाऱ्यांच्या आळीत हंगेरी सांगायची, की रस्त्यावर रणगाडे आले. पाकिस्तानचं पान कुठं उघडायचं आणि कुठं मुळीच नाही, याची वेगळी यादी आहे. समोरच्यांचीही अशीच वही असावी. ते अमेरिका सांगतात.

पण परवा इटकळला फजिती झाली. वकीलसाहेबांनी हंगेरी चांगली अर्धा तास सांगितली. एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "ही हंगेरी सोलापूरच्या अलीकडं का पलीकडं?" साहेब म्हणाले, "पलीकडं." म्हातारा म्हणाला, "मग आमचा काय संबंध? आमचा बाजार नळदुर्गाला." माणसं हसत हसत उठून गेली.

येताना जीपमध्ये साहेबांनी विचारलं, "तुजा भाऊ पलटणीतून परदेशात गेला व्हता ना?" मी होय म्हणालो.

बाकी क्षेम. तुमची कोरियाची पत्रं आईच्या पेटीत होती, ती पुन्हा वाचावी म्हणून मी इकडं आणली आहेत. वाचून परत ठेवीन.

आपला धाकटा,
उत्तरेश्वर

*

तुळजापूर, ता. ६ फेब्रुवारी १९५७

ती. दादांस,

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली, असं लिहायला बसलो होतो. ती राहिली नव्हती, मी मुद्दाम मागं ठेवली होती. तुमची पत्रं मी वाचण्यासाठी आणली हे खरं, पण सभेत वाचण्यासाठी आणली.

रागवण्याआधी पुढचं वाचा. मी फक्त तेच वाचलं जे तुम्ही लिहिलं होतं. लढाई थांबल्यावर तुमच्या पहाऱ्यात दिलेले कैदी ताटल्या वाजवून रात्रभर गात, ते वाचलं. तंबूचं वाचलं. कैद्याला आत आणून बसवायचे, त्याच्या मुलखाचा साहेब त्याला तासभर समजावायचा की परत चल, आणि मग त्यानं उठून दोन दारांपैकी एका दारानं बाहेर पडायचं. एका दारानं गेला की घरी, दुसऱ्या दारानं गेला की पुन्हा घर दिसायचं नाही. तुम्ही लिहिलं होतं की एक जण उठलाच नाही, चटईला धरून बसला. ते वाचलं तेव्हा काटीच्या सभेत तंबाखू मळणारे हात थांबले.

त्यावर वकीलसाहेब उभे राहिले. तुम्हाला ठाऊकच आहे, नोव्हेंबरात आपला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला, गुजरातीही त्यातच आले. समोरचे म्हणतात मराठी माणसांचं राज्य वेगळं काढा. साहेब म्हणाले, "एका घरात नांदायचं सोडून वाटण्या मागतात. वाटण्या झाल्या की काय हुतं? कोरिया हुतो. ह्या पोराच्या सख्ख्या भावानं डोळ्यांनी पाह्यलाय." कोणी उठून गेलं नाही. अलीकडं का पलीकडं, कोणी विचारलं नाही.

तुमचं एक वाक्य गाळावं लागलं. तुम्ही लिहिलं होतं, "दोन्ही बाजूंचे कैदी सारखेच रडतात." साहेब म्हणाले, "सारखंच म्हटल्यावर मिसाल ऱ्हात न्हाय."

आणखी एक आहे. तेही लिहितो, म्हणजे माझ्याकडं काही उरणार नाही. गोंधळी ज्या गावात गोंधळ घालतो त्या गावच्या देवाचं आणि पाटलाचं नाव मध्येच गुंफतो, मग गावाला कथा आपली वाटते. तसंच मी केलं. "आमच्या कंपनीत काटीचा एक गडी आहे," एवढं एक वाक्य मी तुमच्या पत्रात घातलं. दुसऱ्या दिवशी जळकोटला तो जळकोटचा झाला. नुसता गडी फिका वाटतो, म्हणून "बोलताना मान जरा कलती करतो" असंही घातलं. त्याला नाव दिलेलं नाही. नाव दिलं असतं तर ते खोटं झालं असतं.

साहेब खूष आहेत. त्यांनी मला माझं नाव घेऊन व्यासपीठावर बोलावलं.

उत्तरेश्वर

*

तुळजापूर, ता. १३ फेब्रुवारी १९५७

ती. दादांस,

हे पत्र घाईत लिहितो आहे. अक्षर वाईट आलं तर क्षमा करा.

बुधवारी, म्हणजे मागचं पत्र टाकलं त्याच दिवशी, अणदूरची सभा होती. खंडोबा नळदुर्गाचा मुक्काम संपवून परत अणदुरात आलेला, त्यामुळं गावात गर्दी होती. मी वाचलं, "आमच्या कंपनीत अणदूरचा एक गडी आहे. सकाळी उठला की खंडोबाचं नाव घेतो. बोलताना मान जरा कलती करतो."

बायकांच्या बाजूनं एक बाई उठली आणि थेट व्यासपीठापाशी आली. पन्नाशीची असेल. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "कुठल्या बाजूला?"

मला कळलं नाही.

"मान. कुठल्या बाजूला कलती करतो?"

मी म्हणालो, "डावीकडं."

ती खाली बसली. आजूबाजूच्या बायकांना म्हणाली, "अंबादास हाय."

दादा, मी डावीकडं का म्हणालो ते मला सांगता येत नाही. तिनं विचारलं आणि काहीतरी सांगायचं होतं. उजवीकडं म्हणालो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं.

तिचं नाव कस्तुराबाई. तिचा एकुलता एक अंबादास पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षी घरातून निघून गेला. कोणी म्हणालं पलटणीत गेला, कोणी म्हणालं मुंबईला. आठ वर्षांत कागद नाही की निरोप नाही. मागं बायको, शिवकांता. लग्नात तेरा-चौदा वर्षांची होती, आता बाविशीची. कस्तुराबाईनं आठ वर्षं वाट पाहिली आणि या माघात तीच म्हणाली, पोरीचं वाळवण किती दिवस घालायचं, मीच तिला लेकीसारखी देते. जळकोटच्या धोंडीबाशी शिवकांताचा पाट ठरला. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेलेली, माणूस बरा. सुपारी फुटली होती.

सभेच्या दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईनं सुपारी परत पाठवली. नवरा जिता असताना पाट कसा लावायचा?

हे मला काल कळलं, ती स्वतः कचेरीत आली तेव्हा. अणदूरहून बैलगाडीनं आली होती. मला म्हणाली, "तुमच्या भावाचा पत्ता द्या. मी बेळगावाला जाते. नुसतं लांबून बघते." मी म्हणालो, पलटणीत बाईमाणसाला सोडत नाहीत. पत्ता दिला नाही. आतून वकीलसाहेब आले, त्यांनी तिला चहा पाजला आणि म्हणाले, "आजी, निवडणूक होऊन जाऊ द्या. मी स्वतः दिल्लीला लिहितो." ती त्यांच्या पाया पडली.

ती गेल्यावर मी साहेबांना म्हणालो, हे खोटं आहे, मी सांगून येतो. ते म्हणाले, "सांग की. पण मतदान झाल्यावर. आज सांगितलंस तर तंबू खोटा, ताटल्या खोट्या, तुजा भाऊबी खोटा. मग लोक म्हणतील कोरियाच न्हाय."

मी तुम्हाला एकच विचारतो. तुम्ही कस्तुराबाईला एक ओळ लिहू शकाल का, की तो गडी वारला? तसं झालं तर ती रडेल, पण शिवकांता सुटेल. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. तरी विचारतो.

उत्तरेश्वर

*

तुळजापूर, ता. १८ फेब्रुवारी १९५७

ती. दादांस,

तुमचं कार्ड शनिवारी मिळालं. "पत्रं पेटीत ठेव. माझ्या नावानं आणखी एक शब्द बोलू नकोस. बाईला जाऊन सांग." तीनच ओळी, पण दोन वर्षांनंतर तुमचं अक्षर पाहिलं.

मी रविवारी सकाळीच सांगायला निघणार होतो. तेवढ्यात साहेबांची जीप दारात आली. म्हणाले, अणदूरलाच जायचंय, चल.

तिथं काय होतं ते ऐका. धोंडीबा जळकोटहून आला होता. जळकोटला मी वाचलं तेव्हा तो सभेत होता. अणदूरचं त्यानं लोकांकडून ऐकलं. समोरच्या पक्षाच्या लोकांनी त्याला पुढं केलं, हे खरं. पण तो त्यांच्यासाठी आला नव्हता. खंडोबाच्या पटांगणात सगळा गाव, आणि तो टोपी हातात घेऊन उभा.

तो म्हणाला, "साहेब, माजं एकच म्हणणं. मंगळवारी त्यो गडी जळकोटचा व्हता. बुधवारी अणदूरचा झाला. कोरियात काय गावं बदलून देत्यात?"

लोक हसले. साहेबही हसले. म्हणाले, "कंपनीत दोन गावांचे दोन गडी असू शकत न्हाईत का?"

"असतील की. पर दोघंबी मान कलती करत्यात?"

मग कोणी हसलं नाही. गावचे पंच बंडप्पा पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "ह्यात भांडायचं काय? देव हितं हाय. पोरानं भंडारा उचलून आण घ्यावी."

साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "मतदान आठ दिवसांवर हाय, मास्तर." त्यांनी मला मास्तर म्हटलं.

पुजाऱ्यानं माझ्या ओंजळीत बेलाचं पान आणि भंडारा दिला. बायकांच्या पुढं कस्तुराबाई होती, तिच्या मागं एक तरुण बाई, तीच शिवकांता असणार. दादा, तिथं बसलेल्या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता, आणि त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर होतं. मी तिसरं शोधलं. मी म्हणालो, "खंडोबाची आण. माझा भाऊ बब्रुवान कोरियात होता. ही पत्रं त्यानं लिहिलेली आहेत." माझ्या खिशात तुमची पाच पत्रं होती आणि ती तुम्हीच लिहिलेली आहेत. यात एकही अक्षर खोटं नाही. मी जीपमध्ये येताना शंभर वेळा तपासून पाहिलं.

येळकोट येळकोटचा गजर झाला. कस्तुराबाईनं माझ्या ओंजळीतला भंडारा घेऊन माझ्या कपाळाला लावला. धोंडीबानं टोपी घातली आणि देवाला नमस्कार न करता निघून गेला.

कार्ड माझ्याजवळ आहे.

उत्तरेश्वर

*

अणदूर, ता. १४ एप्रिल १९५७

ती. दादांस,

वरचं गाव बघून तुम्हाला कळलंच असेल.

वकीलसाहेब निवडून आले. त्यांनी शब्द पाळला. पहिल्या आठवड्यातच हुकूम हातात पडला आणि शाळेचं नाव वाचलं तर अणदूर. मी त्यांना म्हणालो, दुसरं कुठलंही गाव द्या. ते म्हणाले, "अरे, त्या गावानं तुला मागून घेतलाय. म्हातारी माझ्याकडं येऊन गेली. आपल्या अंबादासची खबर आणणारा मास्तर पाहिजे म्हणाली." देशांची वही मी त्यांना परत द्यायला गेलो होतो. ते म्हणाले, "जपून ठेव. पाच वर्षांनी लागंल." सत्काराच्या भाषणात त्यांनी पूल आणि सडक सांगितली. कोरियाचं नाव निघालं नाही.

मी देवळाजवळच्या खोलीत राहतो. शाळा सकाळची असते. रोज दुपारी कस्तुराबाईच्या घरून भाकरी येते. नको म्हटलं तरी येते. भाकरी घेऊन ती स्वतः आली की दारात बसते आणि अंबादासला कार्ड सांगते, मी लिहितो. म्हैस व्याली. लिंबाची फांदी मोडली. सुनेचं डोकं दुखतं. "तुमच्या भावाच्या पत्त्यावर टाका, त्यो देईल." मी टाकतो म्हणतो. सात कार्डं माझ्या पेटीत आहेत. ती लिहिताना मी शुद्धलेखनाची काळजी घेतो, हे लिहायलाही लाज वाटते.

सांगायचं ठरवून मी तीनदा तिच्या दारापर्यंत गेलो. एकदा ती झोपली होती. एकदा पाहुणे होते. तिसऱ्यांदा ती एकटी जागी होती आणि मी मीठ मागितलं.

परवा मुलं सुटल्यावर शिवकांता शाळेत आली. याआधी ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. दारातच उभी राहिली.

"मास्तर, एक विचारू का?"

"विचारा."

"भंडारा उचलला तवा मी तुमच्याकडं बघत व्हते. भाऊ कोरियात व्हता म्हणालात. पत्रं त्याची हायेत म्हणालात. अंबादास तिथं हाय, असं न्हाय म्हणालात."

मी फळा पुसू लागलो.

ती म्हणाली, "आत्याबाईला आत्ता खरं सांगितलं तर ती मरंल. उगंच म्हनून सांगत न्हाय, आठ वर्सं मी तिच्यासंगं काढल्यात, मला ठावं हाय. तिला लेक जिताच पाहिजे. मग जिता असू द्या. तुमीच त्याला जिता केलाय, आता तुमीच त्याच्या नावानं माजी सोडचिठ्ठी लिवा. मी दुसरी केली, हिला मोकळी करा, येवढंच लिवा. ती कागद मानते. धोंडीबा अजून थांबलाय."

मी म्हणालो, हे पाप आहे.

ती म्हणाली, "पयलं काय व्हतं?"

दादा, सोबत जोडलं आहे ते तेच पत्र. दोन दिवस लागले. "ती. आईस, अंबादासचा नमस्कार" असं सुरू होतं. त्यात बाकी काही नाही, शिवकांताला मोकळी कर, तिचा दोष नाही, माझी वाट पाहू नकोस, एवढंच. अक्षर मी वेगळं काढलं आहे. पाकिटावर अणदूरचा पत्ता घातला आहे. बेळगाव छावणीच्या पेटीत तेवढं टाका. शिक्का तिथला हवा, म्हणजे गाव मानेल. तुम्ही एक शब्दही लिहायचा नाही, बोलायचा नाही. यातून कस्तुराबाई जगते आणि शिवकांता सुटते. मी कसा राहीन ते मी बघेन.

दुसरा मार्ग मला दिसत नाही. दिसला असता तर तुम्हाला त्रास दिला नसता.

उत्तरेश्वर

*

अणदूर, ता. ९ मे १९५७

ती. दादांस,

तुमचं पत्र सोमवारी आलं. माझ्या नावानं नव्हतं, तरी मी तुमचं पत्र असं म्हणतो.

पोस्टमननं ते कस्तुराबाईच्या हातात दिलं. बेळगावचा शिक्का बघून तिनं आधी बंडप्पांना बोलावलं, मग शेजाऱ्यांना, मग मला. मी गेलो तेव्हा ओसरीवर दहा-बारा माणसं होती. शिवकांता उंबऱ्यात बसली होती. तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. आत काय आहे हे आम्हा दोघांना माहीत होतं, असं आम्हा दोघांना वाटत होतं.

मी पाकीट फोडलं आणि तुमचं अक्षर दिसलं.

मी लगेच वाचलं नाही. मी लिहिलेलं पत्र मला तोंडपाठ होतं. तुमचा कागद हातात धरून ते म्हटलं असतं तर त्या ओसरीवर कोणालाही कळलं नसतं. वाचता येणारा मी एकटा होतो. कस्तुराबाई म्हणाली, "वाच बाळा. बारीक अक्षर हाय का?"

मी वाचलं. तुम्ही लिहिलं ते तुम्हाला माहीत आहे, तरी मी काय वाचलं ते तुम्हाला कळावं म्हणून उतरवतो. "श्रीमती कस्तुराबाई यांस. मी हवालदार बब्रुवान. कोरियात माझ्या कंपनीत अणदूरचा किंवा आपल्या जिल्ह्यातला एकही माणूस नव्हता. अंबादास नावाच्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही. तो कुठं आहे हे मला ठाऊक नाही. माझ्या भावानं सभेत जे वाचलं ते माझ्या पत्रात नव्हतं. त्याच्या वतीनं मी तुमची माफी मागतो. हे पत्र माझा भाऊच तुम्हाला वाचून दाखवील. तो जसंच्या तसं वाचील."

शेवटचं वाक्यही वाचलं.

कस्तुराबाई म्हणाली, "मान डावीकडं म्हणाला व्हतास."

"ते मी बनवलं, आजी."

"का?"

"लोक ऐकत नव्हते."

ती म्हणाली, "मी ऐकत व्हते की."

ती आत गेली. मरंल असं शिवकांता म्हणाली होती, तसं झालं नाही. आतून जात्याचा आवाज यायला लागला. दळायचं काही नसावं, कारण शिवकांता उठून आत गेली आणि हात धरून तिला बाहेर घेऊन आली.

बंडप्पा म्हणाले, "देवासमोर भंडारा उचलून खोटं बोललास."

मी म्हणालो, "मी उचलताना जे शब्द बोललो त्यात खोटं नव्हतं. भाऊ कोरियात होता—"

"देवाला कायदा सांगतो व्हय रं?"

कोणी माझ्या अंगावर आलं नाही. एक-दोघं म्हणाले, मास्तरला गाडीत घालून नळदुर्गाच्या फाट्यावर सोडा, परत गावात दिसला नाही पाहिजे. दादा, खरं सांगतो, मला हायसं वाटलं. बदलीचा अर्ज मी पंधरा दिवसांपूर्वीच लिहून खिशात ठेवला होता. मी तो काढून बंडप्पांसमोर धरला आणि म्हणालो, मी स्वतःच जातो.

शिवकांता म्हणाली, "जाऊ देऊ नका त्यास्नी."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. चार माणसांत ती बोलत नाही.

"धोंडीबाचा अक्षय तृतीयेला दुसरीकडं पाट लागला," ती म्हणाली. "त्यानं किती थांबावं? आता माजं कुणी विचारायला येईल त्यो पयला कोरियाचंच इचारील. साऱ्या मुलखात झालंय, हिचा नवरा कोरियात हाय. तवा ह्यो कागद वाचून दाखवायला कोन हाय हितं? ज्यानं खोटं वाचलं त्यानंच खरं वाचाया पाहिजे. म्हंजी लोक मानतील."

बंडप्पांनी माझा अर्ज घेतला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि पागोट्यात खोवला. म्हणाले, "मास्तर, पोरं शिकवा. बोलावलं की यायचं. तिचा पाट लागेपर्यंत गाव सोडायचं न्हाय."

अर्ज लिहिला तेव्हाच वकीलसाहेबांनाही मी लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं, की गावाचा आग्रह असेल तर बदली करता येत नाही.

भाकरी आता येत नाही, मी हातानं करतो. कस्तुराबाईच्या दारावरूनच शाळेचा रस्ता आहे, दुसरा नाही. ती ओसरीवर असते. पहिले दोन दिवस मी खाली बघून गेलो. तिसऱ्या दिवशी तिनं हाक मारली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "ती सात कार्डं दे." मी आणून दिली. तिनं ती मोजली नाहीत, तशीच पदराखाली घेतली.

काल उमरग्याकडचा एक जण शिवकांताला विचारायला आला होता. त्यानं कोरियाचं विचारलं. मला शाळेतून बोलावणं आलं. मुलांना पाढे म्हणायला लावून मी गेलो, ओसरीच्या कडेला उभा राहिलो आणि तुमचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. माझं नाव येतं तिथंही थांबलो नाही. तो माणूस ऐकून म्हणाला, "घरी इचार करून सांगतो."

शिवकांतानं माझ्या हातातून पत्र घेतलं, घडी घातली आणि आत नेऊन ठेवलं.

उत्तरेश्वर